फोन तुमचा, पण तो पुसायचं बटण कोणाकडे? नोकरीतला मोबाईल आणि निस्टचं संशोधन

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने एक नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी त्याने लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं, टीमबरोबर चहा झाला, सगळं छान पार पडलं. घरी येताना बसमध्ये त्याचा फोन आपोआप बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला तो थेट 'भाषा निवडा' या स्क्रीनवर. फोन त्याचा स्वतःचा. हप्तेही त्यानेच भरलेले. कंपनीचा त्यात एकच संबंध, ऑफिसचा मेल. आयटी विभागाने नेहमीप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याचं खातं बंद केलं आणि त्याबरोबर 'डिव्हाइस पुसा' ही आज्ञा पाठवली. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. कंपनीचे मेल बाहेर जाऊ नयेत, एवढाच हेतू.

पण त्या फोनमध्ये काकांचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, आजारपणातले आवाजातले निरोप होते. काका जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. बॅकअप? 'स्टोरेज भरलं आहे' असा मेसेज रोज यायचा आणि दादा तो रोज बाजूला सारायचा. तुम्ही-आम्ही सगळेच सारतो.

मी तेव्हा एम.टेक. करत होते आणि पीएच.डी.ला काय करायचं याचा अजिबात पत्ता नव्हता. पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "विषय सापडला कसा?" मोठं उत्तर माझ्याकडे नाही. दादाने विचारलं होतं, "अगं, माझ्या फोनमधलं सगळं पुसायचा अधिकार त्यांना कुणी दिला?" त्याचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. यातलं बरंचसं अमेरिकी सरकारच्या संस्थांनी केलेलं काम आहे, सगळं फुकट उपलब्ध आहे आणि लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण ते बहुतेक वेळा ओलांडून जातो, कारण ते जर्नलमध्ये छापलेलं नसतं.

आधी दादाच्या प्रश्नाचं सरळ तांत्रिक उत्तर. अधिकार त्यानेच दिला होता. अँड्रॉइडमध्ये २०१० पासून, म्हणजे २.२ या आवृत्तीपासून, 'डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर' नावाची सोय होती. ऑफिसचा मेल जोडताना एक स्क्रीन यायची: पासवर्डचे नियम लावणे, स्क्रीन लॉक करणे, सगळा डेटा पुसणे, अशी यादी आणि खाली 'ॲक्टिव्हेट'. मेल पाहिजे असेल तर दाबा, नको असेल तर राहू द्या. मधला रस्ता नाही. आणि पुसणे म्हणजे पूर्ण फोन पुसणे, कारण ऑफिसचा डेटा कुठे संपतो आणि काकांचा आवाज कुठे सुरू होतो, हे ओळखायची त्या रचनेत सोयच नव्हती. फोनच्या दृष्टीने सगळा एकच ढीग.

म्हणजे प्रश्न दोन झाले. एक, फोनच्या आत भिंत घालता येते का? दोन, घातली तरी भिंतीच्या कोणत्या बाजूला कोण बघू शकतं आणि कोण पुसू शकतं, हे ठरवायचं कसं? सरकारी संशोधन या दोन्ही प्रश्नांवर झालंय, पण वेगवेगळ्या प्रकारचं. संशोधनाचे हे दोन प्रकार ओळखता येणं तुमच्या सिनॉप्सिससाठी फार कामाचं आहे.

पहिल्या प्रकाराची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती एरवी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. अमेरिकेची नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे एनएसए, हिने डिसेंबर २००० मध्ये 'एसई-लिनक्स' नावाचं काम सर्वांसाठी खुलं केलं. साध्या लिनक्समध्ये फाईलचा मालक ठरवतो की ती कोणी वाचायची, आणि 'रूट' वापरकर्त्याला तर काहीच बंदी नसते. एसई-लिनक्समध्ये यावर आणखी एक मध्यवर्ती धोरण बसतं आणि ते रूटलाही लागू होतं. सोसायटीचं उदाहरण घ्या. स्वतःच्या फ्लॅटची किल्ली कोणाला द्यायची हे मालकाने ठरवावं. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी फक्त प्लंबरने जायचं असा नियम असेल, तर तिथे चेअरमनलाही मज्जाव. आता चेअरमनचा जुडगा चोराच्या हाती लागला तरी टाकी वाचते.

हेच अँड्रॉइडवर आणण्याचं काम एनएसएच्या स्टीफन स्मॉली आणि रॉबर्ट क्रेग यांनी केलं आणि २०१३ च्या एनडीएसएस परिषदेत त्यावर शोधनिबंध वाचला. तो जरूर वाचा. त्यांनी जिंजरब्रेकसारखे तेव्हाचे माहीत असलेले हल्ले घेतले, प्रत्येक हल्ल्याच्या पायऱ्या पाडल्या आणि आपलं धोरण कोणत्या पायरीवर त्याला अडवतं हे दाखवलं. कुठे अडवत नाही तेही सांगितलं. त्याच वर्षी अँड्रॉइड ४.३ मध्ये हे तंत्र आलं, पण फक्त नोंद करण्यापुरतं. ४.४ मध्ये काही भागांना सक्तीचं झालं आणि ५.० मध्ये सगळ्या यंत्रणेला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते आत्ता चालू आहे. (गुप्तहेर संस्थेचं काम म्हटलं की आपल्या भुवया वर जातात. जायलाच हव्यात. पण कोड खुला आहे आणि वीस वर्षांहून जास्त काळ जगभरचे लोक तो वाचतायत.)

हा झाला ओळखीचा प्रकार: प्रश्न, रचना, प्रयोग, निकाल, मर्यादा. आपल्याला हाच शिकवतात. दुसरा प्रकार मात्र पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला ते संशोधन वाटलंच नव्हतं.

निस्ट, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, ही अमेरिकेची मोजमापं आणि मानकं ठरवणारी संस्था. १९०१ सालची. तिचं 'एसपी ८००-१२४' नावाचं एक मार्गदर्शक आहे. त्याच्या आवृत्त्यांची नुसती नावं बघितली तरी विषय कसा सरकला ते कळतं. २००८ साली नाव होतं 'सेल फोन आणि पीडीए सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना'. पीडीए आठवतात? प्लास्टिकच्या काडीने टोचायचे ते. २०१३ च्या आवृत्तीत 'सेल फोन' हा शब्द गेला आणि नावात 'संस्थेतल्या मोबाईल उपकरणांच्या सुरक्षेचं व्यवस्थापन' आलं. वस्तू मागे पडली, व्यवस्थापन पुढे आलं. मे २०२३ मध्ये दुसरी सुधारित आवृत्ती आली. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, निस्टने मोबाईलवरच्या धोक्यांची एक सूची मसुदा म्हणून प्रसिद्ध केली. ॲप, सेल्युलर नेटवर्क, जीपीएस, पुरवठा साखळी, पैसे देण्याची यंत्रणा, अशा गटांत धोके मांडलेले. विशेष म्हणजे त्यात 'फोन सांभाळणारी ऑफिसची यंत्रणा' हाही धोक्यांचा एक स्वतंत्र गट आहे. जिच्या हाती किल्ल्या, तिच्याकडूनही धोका असू शकतो, हे त्यांनी तेव्हाच मांडून ठेवलं.

पुरवठा साखळीचा धोका म्हणजे काय, याचं उदाहरण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळालं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्लू कंपनीच्या काही स्वस्त फोनमध्ये अडअप्स या चिनी कंपनीचं फर्मवेअर अपडेटचं सॉफ्टवेअर होतं. ते वापरकर्त्याचे एसएमएस दर ७२ तासांनी चीनमधल्या सर्व्हरकडे पाठवत होतं. हे शोधून काढलं क्रिप्टोवायर नावाच्या कंपनीने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता मुख्य मुद्दा. मेरीलँड राज्यात रॉकव्हिल इथे निस्टचं एक केंद्र आहे, नॅशनल सायबरसिक्युरिटी सेंटर ऑफ एक्सलन्स. २०१२ मध्ये सुरू झालेलं. इथे 'प्रॅक्टिस गाईड' तयार होतात. (इथे गाईड म्हणजे आपले पीएच.डी.चे सर नव्हेत.) केंद्र आधी एक व्यावहारिक प्रश्न जाहीर करतं. ज्या कंपन्यांकडे त्यासाठी उपयोगी उत्पादनं आहेत, त्या सहकार्य करार करून ती आणून देतात. मग केंद्रातले लोक प्रयोगशाळेत ती सगळी एकमेकांना जोडून एक पूर्ण व्यवस्था उभी करतात, तिच्यावर धोके आजमावून बघतात आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवतात. खंड ए मध्ये वरिष्ठांसाठी दोन-चार पानं, खंड बी मध्ये विचार आणि रचना, खंड सी मध्ये 'हे बटण दाबा, इथे हे भरा' इतक्या बारकाईने कृती. माझ्या एका मित्राने खंड सी बघून विचारलं, "हे तर इन्स्टॉलेशन मॅन्युअल आहे, यात संशोधन कुठंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर खंड बी मध्ये आहे.

आपल्याला लागतील अशी दोन गाईड आहेत. एसपी १८००-२१ सप्टेंबर २०२० चं. त्यात फोन कंपनीचा असतो, पण वैयक्तिक वापराला परवानगी असते. या प्रकाराला 'कोप' म्हणतात. एसपी १८००-२२ सप्टेंबर २०२३ चं, आणि त्यात फोन कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो. हा 'बीवायओडी', म्हणजे दादाचा प्रकार.

दोन्हींत त्यांनी एकेक काल्पनिक कंपनी रचली आहे. पहिल्यातली ऑर्व्हिलिया डेव्हलपमेंट. नवी छोटी आयटी कंपनी, नुकतंच पहिलं सरकारी कंत्राट मिळालेलं आणि मोबाईलच्या बाबतीत शिस्त अशी काही नाही. दुसरी ग्रेट सेनेका अकाउंटिंग. एका ऑफिसातून वाढत गेलेली हिशेबनीस मंडळींची फर्म. पूर्वी सगळे ऑफिसात बसून काम करायचे, आता स्वतःच्या फोनवरून करतात. मला आधी वाटलं, सरकारी कागदात ही नाटकं कशाला? नंतर लक्षात आलं की खरी कंपनी आपली दुबळी जागा जगापुढे कधीच मांडू देणार नाही. काल्पनिक कंपनी म्हणजे इथे चाचणीचं क्षेत्र. तिच्याकडे कोणता डेटा आहे, कोण कुठून काम करतं, काय गमावलं तर किती फटका बसेल, हे ठरवल्याशिवाय 'सुरक्षित' या शब्दाला अर्थच येत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'प्रस्तावित पद्धती अधिक सुरक्षित आहे' असं वाक्य असेल, तर पेन काढा आणि शेजारी लिहा: कोणासाठी, कशापासून?

ऑर्व्हिलियासाठी त्यांनी १२ धोके निवडले. खोटी लिंक पाठवून पासवर्ड काढून घेणे, एसएमएसमधल्या लिंकवरून घातक ॲप टाकायला लावणे, जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधली माहीत असलेली त्रुटी वापरणे, फोनचा माइक आणि कॅमेरा यांचा गैरवापर, फोन हरवणे वा चोरीला जाणे, असे. मग प्रत्येक धोक्याची चाचणी घेतली. उदाहरणार्थ, अधिकृत ॲप स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायचा प्रयत्न करायचा आणि बघायचं: फोन अडवतो का? नाही अडवला, तर धोके ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं का? कळलं, तर ते व्यवस्थापन यंत्रणेला सांगतं का? आणि सांगितल्यावर त्या फोनचा ऑफिसच्या डेटाशी असलेला संबंध खरोखर तुटतो का? ही साखळी महत्त्वाची. एकेक उत्पादन आपापल्या जाहिरातीत उत्तमच असतं. गळती होते ती दोन उत्पादनांच्या सांध्यात. हे सांधे तपासणं हेच या प्रकारच्या संशोधनाचं काम, आणि ते शोधनिबंधात क्वचित सापडतं, कारण 'आम्ही पाच कंपन्यांच्या वस्तू जोडल्या आणि चालल्या' याला समीक्षक नावीन्य मानत नाहीत.

ॲप तपासायला दोन्ही गाईडमध्ये कोण आहे? तेच क्रिप्टोवायर.

आता दादाच्या गोष्टीकडे परत येते, कारण माझ्या मते या सगळ्या कामातला मोलाचा भाग इथे आहे.

सुरक्षेच्या अभ्यासात आपण सहसा एकच मालमत्ता धरतो: संस्थेचा डेटा. हल्लेखोर बाहेरचा, वाचवायचं आतलं. या चौकटीत दादाचा फोन पुसला गेला ही घटना यशस्वी ठरते. कंपनीचा मेल बाहेर गेला नाही, आज्ञा लागू पडली, धोका टळला. कुठेही चुकीची नोंद होत नाही. काकांचा आवाज गेला, हे मोजायला त्या चौकटीत रकानाच नाही.

निस्टच्या लोकांनी या गाईडमध्ये धोक्यांच्या तपासणीबरोबर दुसरी, वेगळी तपासणीही केली. तिचं नाव 'प्रॅम', म्हणजे खासगीपणाला असलेली जोखीम मोजायची पद्धत. तिच्यात प्रश्न उलटा असतो: आपली सुरक्षा यंत्रणा नीट चालली, अगदी ठरवल्याप्रमाणे चालली, तर ज्याचा फोन आहे त्याला कोणता त्रास होऊ शकतो? हल्लेखोर नसतानाही होणारं नुकसान. त्यांना अशा तीन जागा सापडल्या. पहिली, प्रवेश बंद करणे आणि फोन पुसणे. दुसरी, कर्मचाऱ्यावर पाळत: तो कुठे आहे, कोणती ॲप वापरतो, हे व्यवस्थापन यंत्रणेला दिसू शकतं. एखाद्या आजाराचं किंवा धर्माचं ॲप फोनवर आहे एवढं कळलं तरी बरंच कळतं. तिसरी, ही माहिती वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरणे. म्हणजे वर ज्या साखळीचं मी कौतुक केलं, तीच साखळी इथे जोखीम होते. फोन ते व्यवस्थापन यंत्रणा, तिथून धोका ओळखणारी सेवा, तिथून ॲप तपासणारी सेवा. प्रत्येक सांध्यावर तुमच्याबद्दल थोडी माहिती पुढे सरकते.

पहिल्या जागेवर त्यांनी सुचवलेले उपाय वाचताना मी थांबले होते. पुसण्याऐवजी आधी नुसता ऑफिसच्या डेटाचा प्रवेश बंद करा. पुसायचंच असेल तर फक्त संस्थेचा भाग पुसा. पुसायचं बटण मोजक्याच लोकांच्या हाती ठेवा. आणि कर्मचाऱ्यांना वैयक्तिक डेटाचा बॅकअप घ्यायला सांगा. चार साधी वाक्यं. त्यातलं एकही दादाच्या कंपनीत पाळलं असतं तर...

'फक्त संस्थेचा भाग पुसा' हे म्हणता येतं, कारण तोवर फोनच्या आत भिंत आली होती. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, 'वर्क प्रोफाइल' आहे. एकाच फोनवर ऑफिसची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि त्यांच्या चिन्हावर छोटी बॅग दिसते. तुमच्या स्वतःच्या फोनवर असा कप्पा केला, तर ऑफिसला त्या कप्प्यातलंच दिसतं आणि तेवढंच पुसता येतं. कप्प्यातल्या मेलमधून मजकूर कॉपी करून तुमच्या व्हॉट्सॲपवर चिकटवणं ऑफिसला बंद करता येतं. ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर 'यूझर एन्रोलमेंट' आणलं. त्यात ऑफिसचा डेटा साठवणीच्या वेगळ्या विभागात राहतो, यंत्रणेला फोनचा अनुक्रमांकही कळत नाही आणि पूर्ण फोन पुसायची आज्ञा देताच येत नाही. 'देऊ नका' आणि 'देताच येत नाही' यांत किती फरक आहे बघा. पहिल्यात आयटी विभागाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवावा लागतो, दुसऱ्यात लागत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग सुटलाच की प्रश्न. मलाही वाटलं होतं आणि सिनॉप्सिस फाडायची वेळ आली होती. मग 'प्रॅम'ची मांडणी नीट वाचली.

जोखीम म्हणजे शक्यता गुणिले परिणाम, हे तुम्हाला माहीत आहे. शक्यतेचं ठीक आहे. परिणाम कसा मोजायचा? दादाच्या नुकसानीला कोणता आकडा द्यायचा? निस्टच्या जानेवारी २०१७ च्या ८०६२ क्रमांकाच्या अहवालात हे प्रामाणिकपणे मांडलंय: त्रास व्यक्तीला होतो, पण तो संस्थेला थेट जाणवत नाही. म्हणून त्यांनी पर्याय काढला. व्यक्तीच्या त्रासाऐवजी त्या त्रासामुळे संस्थेला बसणारा फटका मोजायचा. नियमभंगाचा खर्च, धंद्यावरचा थेट खर्च, बदनामीचा खर्च आणि कर्मचाऱ्यांचा विश्वास उडाल्याने आतल्या वातावरणावर होणारा खर्च.

आता दादाची घटना या कोष्टकात भरा. नियमभंग? त्याने 'ॲक्टिव्हेट' दाबलं होतं, म्हणजे नाही. धंदा? काही फरक नाही. बदनामी? त्याने कुठे लिहिलं नाही, मावशीलासुद्धा महिनाभर सांगितलं नाही. आतलं वातावरण? तो नोकरी सोडूनच गेला होता. चारही रकान्यांत जवळपास शून्य. गुणाकार शून्य.

माझ्या कामाची फट तिथे सापडली. सोडून जाणारा कर्मचारी हा या मोजमापातला सगळ्यात हलका माणूस आहे, आणि फोन पुसला जाण्याचा प्रसंग नेमका सोडून जातानाच येतो. हे मी निस्टची चूक म्हणून सांगत नाहीये. जे मोजता येत नव्हतं त्यासाठी त्यांनी पर्यायी माप वापरलं आणि ते पर्यायी आहे हे लिहून ठेवलं. चांगल्या संशोधनाने एवढं करायचं असतं. पुढचं आपलं काम. रिसर्च गॅप म्हणजे 'यावर भारतात काम झालेलं नाही' हे वाक्य नव्हे. ते वाक्य मी तीन वेळा लिहिलं होतं आणि सरांनी तिन्ही वेळा लाल केलं. आधीच्या माणसाने कुठे 'तूर्तास असं धरू' म्हटलंय, ते शोधा.

आपल्याकडे या फटीला आणखी धार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ वाचा. संमती न घेता डेटा वापरता येईल अशा बाबींची ती यादी आहे, आणि तिच्यात नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी केलेला वापर येतो. व्यापारी गुपितं सांभाळणं वगैरे. म्हणजे पगाराच्या फोनवर तुमची संमती मुळात विचारलीच जाईल याची खात्री नाही. अशा वेळी जोखीम कोणाच्या बाजूने मोजायची, हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. संगणकवाल्यांबरोबर कायदा आणि व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांनाही इथे भरपूर काम आहे.

या गाईडच्या मर्यादाही बोलून टाकते, म्हणजे तुम्ही आंधळेपणाने उद्धृत करणार नाही. एक, उत्पादनं फार लवकर शिळी होतात. १८००-२१ मधल्या ॲपथॉरिटी या कंपनीला सिमँटेकने नोव्हेंबर २०१८ मध्येच विकत घेतलं होतं, म्हणजे अंतिम गाईड येण्याच्या जवळपास दोन वर्षं आधी. त्यातलीच मोबाईलआयर्न २०२० च्या डिसेंबरात इव्हांटीकडे गेली, गाईड आल्यावर तीन महिन्यांत. क्रिप्टोवायरचं नाव २०२२ मध्ये क्वोका झालं. म्हणून खंड सी मधल्या बटणांना चिकटू नका. खंड बी मधली रचना टिकते. दोन, ज्या कंपन्या करार करून आल्या त्यांचीच उत्पादनं तपासली गेली. ही शिफारस नव्हे, असं निस्ट प्रत्येक गाईडमध्ये लिहितं. तुम्हीही तुलनात्मक पुरावा म्हणून वापरू नका. तीन, आणि ही माझ्या दृष्टीने मोठी: काल्पनिक कंपनीत काल्पनिक कर्मचारी असतात. ते कंटाळत नाहीत, 'स्टोरेज भरलं' हा मेसेज बाजूला सारत नाहीत, मेल लवकर हवा म्हणून न वाचता 'ॲक्टिव्हेट' दाबत नाहीत. वर्क प्रोफाइल असलेल्या खऱ्या माणसाला ऑफिसला काय दिसतं असं वाटतं, आणि खरोखर काय दिसतं, यांतलं अंतर मोजायला खऱ्या माणसांकडेच जावं लागतं. मी सध्या ते करतेय. मुलाखतींसाठी नैतिकता समितीची मंजुरी मिळवताना कशी दमछाक झाली, त्यावर एक वेगळी पोस्ट होईल.

वाचायचा क्रम विचाराल तर मी असा सांगेन. १८००-२२ ची ग्रेट सेनेकावरची पुरवणी आधी वाचा, ती गोष्टीसारखी आहे. मग खंड बी. त्यानंतर ८०६२ हा अहवाल. एसई-अँड्रॉइडचा निबंध मधेच कधीतरी, जीभ स्वच्छ करायला. अमेरिकी सरकारचं हे लिखाण असल्याने पीडीएफसाठी पैसे लागत नाहीत. कोणाच्या विद्यापीठाचं लॉगिन उसनं मागायला नको.

गेल्या महिन्यात आमच्या प्रकल्पाच्या मेलसाठी मलाही फोनवर एक ॲप टाकायचा निरोप आला. मी सिस्टिम बघणाऱ्या दादांना लिहिलं: वर्क प्रोफाइल होणार की पूर्ण फोन व्यवस्थापनाखाली जाणार? माझी वैयक्तिक ॲप आणि ठिकाण तुम्हाला दिसेल का? आणि प्रकल्प संपल्यावर पुसायची आज्ञा कोण देतं? त्यांचं उत्तर आलं, "मॅडम, आजवर कुणी विचारलं नाही. बघून सांगतो." दोन दिवसांनी त्यांनी फोन केला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक होती. तिसऱ्याबद्दल ते म्हणाले की तसं ठरलेलं काही नाही, खात्यातल्या सहा जणांकडे तो अधिकार आहे आणि त्यातले दोघे केव्हाच सोडून गेलेत.